स्लो

स्लो : ब्रिटन, आयर्लंड व युरोपखंडाच्या बहुतेक भागांत, तसेच पूर्वेस पश्चिम आशियापर्यंत, शेताच्या वईवर, रानाच्या कडेस आणि पडीत जमिनीत आपोआप वाढणाऱ्या ब्लॅकथॉर्न नामक काटेरी झुडुपाचे निळसर काळे, अतिशय तुरट असे लहान फळ. गुलाब कुलातील या वनस्पतीस लिनीअसने १७५३ मध्ये प्रूनस स्पायनोझा हे नाव दिले. आलुबुखार, जर्दाळू व बदाम ही तिच्याच प्रजातीतील भावंडे होत. झुडूप साधारणतः चार मीटरपर्यंत वाढते आणि त्याच्या मुळांपासून नवे फुटवे सतत निघत असल्यामुळे एका रोपाची काही वर्षांत अभेद्य जाळी होते; गुरांना अडवण्याच्या कामी हा गुण इतका उपयोगी पडला की शेतकऱ्याने पिढ्यानुपिढ्या त्यास हद्दीवर आश्रय दिला. इंग्लंडात १७५० ते १८५० च्या सुमारास पार्लमेंटच्या कायद्यांन्वये गावोगावच्या सामाईक जमिनी खाजगी मालकीत वाटल्या गेल्या, तेव्हा नव्या हद्दींवर मुख्यत्वे हॉथॉर्न हे दुसरे काटेरी झुडूप लावण्यात आले खरे, परंतु त्याच्या जोडीस ब्लॅकथॉर्नही आला, आणि त्याहून पुरातन अशा वईंत तर तो पूर्वीपासूनच मूळ धरून होता.

फळ शरद ऋतूत पिकते, तथापि त्याचा शोध मार्च महिन्यातच आरंभणे श्रेयस्कर. ब्लॅकथॉर्न पालवीच्या आधी फुलतो : काळसर, निष्पर्ण फांद्यांवर पाच पाकळ्यांची, सुमारे दीड सेंटिमीटर व्यासाची शुभ्र फुले एवढ्या दाटीने येतात की दूरच्या रस्त्यावरूनही ती झुडपे नजरेत भरतात, आणि ऑगस्टात जी वई सर्वत्र सारखीच हिरवी दिसते तीत कोणत्या जागी काय आहे याचा उलगडा या दोन-तीन आठवड्यांत बिनचूक होतो. हॉथॉर्नचा क्रम याच्या उलट असून त्यास आधी पाने फुटतात व मे महिन्याच्या सुमारास फुले येतात. चेरी-प्लम हे सजातीय झाड मात्र ब्लॅकथॉर्नच्याही आधी, कित्येकदा फेब्रुवारीतच फुलू लागते. त्याच्या फुलांबरोबरच कोवळी हिरवी पालवी दिसू लागते, डहाळ्या हिरवट असतात आणि काटे थोडे. फुलोरा ऐन भरात असताना थंड वारे सुटले तर त्या दिवसांस इंग्रज शेतकरी ‘ब्लॅकथॉर्नचा हिवाळा’ म्हणतात. अशा वेळी कडक हिम पडले, तर त्या वर्षी फळांची आशा बहुधा सोडावी लागते.

फुलोरा पाहून ठेवला तरी फळ मिळेलच असे नाही, याचे दुसरे कारण मानवी आहे. या झुडुपास फुले येतात ती आदल्या वर्षाच्या वा त्याहून जुन्या फांद्यांवर. सबब जी वई दर हिवाळ्यात यंत्राने खरडून काढली जाते, तिच्यावर काटे पुष्कळ आणि फळे नाममात्र असतात. म्हणून शोधकाने शेताचे दुर्लक्षित कोपरे, जुन्या लोहमार्गांचे बांध, कालव्यांच्या कडा, रानाची दक्षिणाभिमुख किनार अशा जागा धुंडाळाव्यात. याच वार्षिक छाटणीपायी ‘ब्राउन हेअरस्ट्रीक’ नामक फुलपाखराचीही हानी होते, कारण त्याची मादी ब्लॅकथॉर्नच्या कोवळ्या डहाळीवर, बहुधा फांदी फुटते त्या बेचक्यात, पांढरे अंडे घालते आणि ते अंडे सबंध हिवाळाभर तेथेच चिकटून असते. दोन-तीन वर्षांतून एकदा, तीही पाळीपाळीने, छाटणी करण्याचा परिपाठ फळांस, पक्ष्यांस व या फुलपाखरास सारखाच हितावह आहे, आणि तो सर्वत्र रूढ व्हावा हे मत येथे निःसंकोच नोंदवले पाहिजे.

ओळख पटवताना फळाच्या रंगावर विसंबू नये. इंग्लंडच्या वईवर काळी फळे अनेक, आणि त्यांपैकी काही विषारी. प्रथम काटा पाहावा. ब्लॅकथॉर्नचा काटा म्हणजे मुख्य फांदीशी जवळजवळ काटकोन करून निघालेली आखूड उपशाखाच असून तिचे टोक कठीण व तीक्ष्ण झालेले असते, त्यामुळे नीट पाहिल्यास त्या काट्याच्याच अंगावर कळ्या किंवा पाने आढळतात. पाने एकाआड एक, लहान, लांबट-अंडाकृती, निस्तेज हिरवी व कडेने बारीक दंतुर असतात. हॉथॉर्नच्या पानासारखी खोल कातरलेली नसतात. फळ एक ते दीड सेंटिमीटर व्यासाचे, गोल, अगदी आखूड देठावर एकेकटे वा जोडीने फांदीलगत बसलेले असते. त्यावर निळसर पांढरे मेणचट पूट चढलेले असून अंगठ्याने चोळताच ते निघून जाते व खालची जवळजवळ काळी त्वचा उघडी पडते. फळ चिरले असता गर हिरवट दिसतो आणि मधोमध एकच कठीण आठळी, गराशी घट्ट चिकटलेली, सापडते. क्वचित एखाद्या झुडुपावर लांबट, फिकट, वेडीवाकडी व आठळीविरहित पोकळ फळे लटकलेली दिसतात. ती टॅफ्रिना प्रूनी या कवकाच्या उपद्रवाने तशी होतात.

साम्यामुळे घोटाळा करणाऱ्या वनस्पतींपैकी बुलेस व डॅमसन हे निरुपद्रवी आप्त होत; त्यांची फळे स्लोपेक्षा मोठी, कमी तुरट आणि झाडास काटे थोडे वा मुळीच नाहीत. पर्जिंग बकथॉर्नची गोष्ट वेगळी. तोही काटेरी, तोही वईवरचा, आणि त्याचीही फळे पिकून काळी होतात; पण ती चकचकीत व झुपक्यांनी येतात, आत एका आठळीऐवजी अनेक बिया असतात, पाने बहुतेक समोरासमोर असून शिरा टोकाकडे कमानीसारख्या वळतात. ही फळे तीव्र रेचक आहेत. प्रिव्हेटची विषारी काळी फळे बिनकाट्याच्या फांद्यांच्या टोकांस घोसाने लागतात. सर्वांत घातक बेलाडोना : हे झुडूप नसून मऊ खोडाची ओषधी आहे, काटा नाही, तकतकीत काळे फळ एकेकटे आणि त्याच्या बुडाशी पाच पसरट दलांचा हिरवा संवर्त चांदणीसारखा उमललेला, आत बारीक बियांची गर्दी. तात्पर्य, काटा, एकाआड एक पाने, मेणचट पूट व एकच आठळी ही चारही लक्षणे एकाच झुडुपावर जुळल्याखेरीज फळ टोपलीत टाकू नये, आणि मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या माणसास काटेरी जाळी व काळे फळ पाहून करवंदाची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु दोहोंत नाते नाही. करवंदी ही कण्हेरीच्या कुलातील. तिची पाने समोरासमोर असतात, पान वा फळ तोडताच पांढरा चीक येतो आणि फळात आठळी नसून चपट्या बिया असतात. स्लोस चीक नसतो.

फळ सप्टेंबरपासून काळे दिसू लागते, तरी पहिले हिम पडून जाईपर्यंत थांबण्याची रीत जुनी आहे, कारण गोठल्याने गराच्या पेशी फुटून रस सहज सुटतो. टॅनिनाच्या आधिक्यामुळे कच्चे फळ तोंडात टाकताच जीभ व हिरड्या कोरड्या पडतात. म्हणून ते बहुधा जेली, मुरांबा किंवा मद्य यांच्या रूपानेच सेवन केले जाते. इंग्लंडात फळे टोचून साखरेसह जिनमध्ये कित्येक महिने मुरवतात, तर स्पेनमधील नाव्हारा प्रांतात बडीशेपीच्या वासाच्या मद्यात ती मुरवून ‘पाचारान’ तयार करतात. आठळीत सायनाइड उत्पन्न करणारे द्रव्य असल्यामुळे ती फोडू वा वाटू नये. वेचताना जाड हातमोजे अवश्य घालावेत : या काट्याचे टोक मांसात मोडून राहिल्यास जखम चिघळते, आणि बोटाच्या सांध्यात गेल्यास सूज दीर्घकाळ टिकते, तेव्हा अशा प्रसंगी वैद्यकीय साहाय्य घेण्यास विलंब करू नये.

माणसाचा या फळाशी परिचय अतिप्राचीन आहे. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या हिममानवाच्या अवशेषांजवळ स्लो मिळाले. झुडुपाची पाने मात्र अठराव्या शतकात एका लबाडीच्या धंद्यात वापरली जात. ती वाळवून, रंगवून चहाच्या नावाने खपवण्याचा प्रकार एवढा बोकाळला की १७७७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

इंग्लंड व वेल्समध्ये रानात आपोआप वाढलेल्या झाडाची फळे स्वतःपुरती तोडणे ही १९६८ च्या चोरीविषयक कायद्याच्या कलम ४ अन्वये चोरी ठरत नाही. विक्रीसाठी वा अन्य व्यापारी हेतूने तोडल्यास ठरते. १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीवाचून रोप मुळासकट उपटणे हा गुन्हा आहे. फळ तोडण्याची ही मुभा म्हणजे परक्याच्या शेतात शिरण्याचा परवाना नव्हे. सार्वजनिक पायवाटेवरून हात पोहोचेल तेवढे वेचावे, आणि त्यापलीकडे जावयाचे तर मालकास विचारावे.