पाठीवरचा नंबर

ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्या होळकर स्टेडियमवर पहिली कसोटी झाली. न्यूझीलंडविरुद्ध विराट कोहलीने २११ केल्या, आपल्या अजिंक्य रहाणेने १८८. दोघांचेही कपडे पांढरेशुभ्र, पाठ कोरी. पुढची कसोटी नोव्हेंबर २०१९ मध्ये बांगलादेशाबरोबर झाली. मयंक अग्रवालने २४३ ठोकल्या आणि भारत एक डाव व १३० धावांनी जिंकला. पण यावेळी प्रत्येकाच्या पाठीवर नाव आणि नंबर होता. मधल्या तीन वर्षांत एक प्रथा बदलली होती. १ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडमध्ये अॅशेस मालिका सुरू झाली, तेव्हापासून कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर नंबर आले. जुन्या मंडळींनी नाके मुरडली. गॅलरीत लांब बसणाऱ्याची मात्र सोय झाली, हे मान्य करायला हवे.

नंबर मुळात सोयीसाठीच आले. फुटबॉलमध्ये २५ ऑगस्ट १९२८ रोजी लंडनच्या आर्सेनल आणि चेल्सी संघांनी ते वापरून पाहिले. १९३३ च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनला १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीला १२ ते २२ असे नंबर दिले होते. पेलेचा १० नंबरही मागून घेतलेला नव्हता. १९५८ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलने नंबरांची यादी दिलीच नाही, म्हणून ते परस्पर वाटले गेले. गोलकीपरला ३ आला आणि सतरा वर्षांच्या पोराला १०. आम्हा सरकारी नोकरांना यात नवल वाटत नाही. आमच्याकडेही माणसाआधी फाइलचा नंबर विचारतात.

क्रिकेटमध्ये १९९९ च्या विश्वचषकात कर्णधाराला १ नंबर द्यायची पद्धत होती. सचिनने मधल्या काळात ९९ आणि ३३ हेही नंबर घातले, पण लोकांच्या मनात राहिला तो १०. ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबोला पालघरचा शार्दूल ठाकूर १० घालून उतरला आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. त्या पोराने हिशेब आपल्या जन्मतारखेवरून केला होता. पुढे त्याने ५४ घेतला आणि क्रिकेट मंडळाने १० नंबर कोणाला न देण्याचे जवळजवळ ठरवूनच टाकले. मला हे फारसे पटत नाही. पेलेनंतर ब्राझीलने १० नंबर कपाटात ठेवला नाही, झिकोने घातला, नेमारने घातला. नंबर कोणीतरी घालत राहिला की आधीच्या माणसाची आठवण निघत राहते.

आपल्या मध्य प्रदेशाचा यात एक मजेदार वाटा आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला सचिनने एकदिवसीय सामन्यात पुरुषांचे पहिले द्विशतक काढले. ८ डिसेंबर २०११ रोजी इंदूरला सेहवागने २१९ करून तो विक्रम मोडला. त्याच वर्षीचा विश्वचषक सेहवाग बिननंबरी शर्ट घालून खेळला होता!

पण बिननंबरी खेळाडूंचे खरे गाव आपले इंदूर. होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला, सहा वेळा उपविजेता राहिला. त्या संघातल्या कोणाच्या पाठीवर काही नव्हते. कर्नल सी. के. नायडू चालत येताना लांबूनच ओळखू येत, असे आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीकडून ऐकले आहे. त्या काळी नंबर म्हणजे फलंदाजीचा क्रम. १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध आपले चंदू सरवटे दहाव्या क्रमांकावर आले, शुटे बॅनर्जी अकराव्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१, शेवटच्या विकेटची भागीदारी २४९. शेवटची जोडी आली, आता आवरा, असे म्हणणाऱ्यांना दोघांनी पार दमवले. हेच सरवटे व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. माणूस ओळखायला त्यांना पाठीवरच्या आकड्याची गरज कशाला पडेल?

तरी या मंडळींना एक नंबर आहे, फक्त तो कपड्यावर नाही. देशासाठी कसोटी खेळणाऱ्याला पदार्पणाच्या क्रमाने कॅप नंबर मिळतो. एकाच सामन्यात अनेक जण असतील तर आद्याक्षराप्रमाणे. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी झाली, तिच्या अकरा जणांना १ ते ११ हे नंबर आहेत. भारताकडून कसोटीतला पहिला चेंडू खेळणारे जनार्दन नवले सहावे आणि कर्णधार सी. के. सातवे. ७ म्हटले की आज सगळ्यांना धोनी आठवतो, पण कॅपचा ७ आपल्या इंदूरच्या कर्नलसाहेबांचा आहे. १९३४ मध्ये कोलकात्याला खेळलेले मुश्ताक अली १९ वे आणि त्याच सामन्यात आलेले सी. एस. नायडू विसावे. परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय ते हेच मुश्ताक, १९३६ साली मँचेस्टरला ११२. आता गंमत पाहा: जानेवारी १९७३ मध्ये याच इंदुरात एका मराठी घरात राहुल द्रविड जन्मला, आणि त्याच्या पाठीवरचा नंबरही १९! अर्थात त्याने तो घेतला पत्नीच्या वाढदिवसावरून.

गणपतीतल्या स्पर्धांसाठी मुलांचे टी-शर्ट छापून घेताना १८, ७ आणि ४५ साठी भांडणे होतात. १९ साठी सहसा कोणी भांडत नाही. यंदा तो ज्याच्या वाट्याला येईल, त्याला मुश्ताक अली कोण होते ते घरच्यांनी सांगावे. आजोबांना विचारले तर आणखी बरे.