फोटोनंतरची शाळा

14 नोव्हेंबर 1960, सोमवार. न्यू ऑर्लिन्समधल्या सेंट क्लॉड अव्हेन्यूवरच्या गर्दीत तुम्ही अंग चोरून उभे आहात. समोर मॅकडोनो 19, गोऱ्यांची शाळा. घोड्यांवर पोलीस, आणि घसा फोडून ओरडणाऱ्या बाया. त्यांतल्या कितीतरी कुणाच्या तरी आया.

गाड्या थांबतात. फेडरल मार्शलांच्या मधून तीन काळ्या मुली उतरतात: लिओना टेट, टेसी प्रीव्होस्ट, गेल एटिएन. वय वर्षं सहा. लिओनाला वाटतंय, मार्डी ग्रा उत्सवाची मिरवणूक येणार. या शहरात एवढी माणसं एरवी कशाला जमतात?

वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1954 मध्येच दिलाय. न्यायाधीश स्केली राइट यांनी तो इथं राबवायला लावला, तेव्हा शंभरावर काळ्या मुलांचे अर्ज गाळून गाळून चार मुली उरल्या. चौथी रूबी ब्रिजेस, याच सकाळी दुसऱ्या शाळेत, एकटी. नॉर्मन रॉकवेलनं पुढे तिचं चित्र काढलं, म्हणून तिचं नाव तुम्हाला ठाऊक असतं.

मुलींच्या मागोमाग आत शिरा. त्या बाकावर बसून आहेत, आणि गोरे पालक एकेक करून आपापली पोरं घेऊन चाललेत. दुपारपर्यंत शाळा ओस.

काही महिन्यांनी पुन्हा डोकावा. खिडक्यांना कागद चिकटवलेत, बाहेरून कुणाला आतलं दिसू नये म्हणून. पिण्याच्या पाण्याचे नळ बंद, डबा घरचाच. मैदानात जायची सोय नाही, त्यामुळे मधल्या सुट्टीतला खेळ जिन्याखाली. एवढ्या मोठ्या इमारतीत शिकवणाऱ्या मायर्स बाई आणि जवळजवळ या तिघीच.

इथवरचं सगळे सांगतात. पण तुम्ही 1962 मध्येही जाऊन या, टी. जे. सेम्स शाळेत. तिघी आता तिसरीत आहेत. मार्शल गेले, कॅमेरे गेले आणि वर्ग गोऱ्या मुलांनी भरलेला. रोज ढकलाढकली, मार, अंगावर थुंकणं. मॅकडोनोत त्यांना कुणी हात लावला नव्हता, कारण लावायला तिथं कुणी नव्हतंच. एकत्र शाळा म्हणजे काय, ते त्यांना कळलं सेम्समध्ये, आणि माझ्या मते त्यांचं खरं धाडसही तिथलंच. फोटो मात्र पायऱ्यांवरचे गाजले.

बंद पडलेली मॅकडोनो 19 ची इमारत पुढे लिओना टेट यांच्या संस्थेनं घेतली. 2022 मध्ये ती तिघींच्या आडनावांनी पुन्हा उघडली. आता तिथं वृद्धांसाठी परवडणारी घरंही आहेत.