कोण कोणाला बुडवतं?

1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने समुद्रतळाचा गाळ वर काढला, तेव्हा कित्येक ठिकाणी तो चिमुकल्या चुनखडी कवचांनीच भरलेला निघाला. हे जीव तळाशी राहतात की वर? वाद रंगला. जॉन मरे यांना बारीक जाळ्यांत ते पृष्ठभागाजवळच जिवंत मिळाले, तेव्हा कुठे तो मिटला.

पण मग पुढचा प्रश्न. शैवालांची त्याहूनही बारीक कवचं एकेकटी बुडाली तर तळाशी पोहोचायला वर्षानुवर्षं लागतील. सुसुमु होन्जो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की ती प्राण्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांत बांधली जाऊन झपाट्याने उतरतात. हो, विष्ठाच! समुद्रशास्त्रात तिला फार मान आहे.

आता आपल्या अरबी समुद्राकडे या. 1986 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी इथे खोल पाण्यात गाळ-सापळे टांगले. सापळा म्हणजे काय, तर मोठं नरसाळं आणि खाली ठरावीक दिवसांनी बदलणाऱ्या बाटल्या. नैऋत्य आणि ईशान्य, दोन्ही मोसमी वाऱ्यांच्या काळात बाटल्या जास्त भरल्या. म्हणजे वर वारा सुटला की त्याची वर्दी हजारो मीटर खाली पोहोचते. मला हा निकाल आजही थक्क करतो.

या बाटल्यांत कार्बनसोबत कवचं होती आणि जमिनीवरून आलेली धूळही. त्या गटातले इट्टेकोट यांनी 1993 मध्ये मांडलं की ही धूळमातीच सेंद्रिय कार्बनला वजन देते. साधं गणित बघा: समुद्राच्या पाण्याची घनता 1.03 च्या आसपास, सेंद्रिय पदार्थाची त्याहून जेमतेम जास्त, आणि कॅल्साइटची 2.7. 2002 मध्ये आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी या ‘भारा’चं गणिती प्रारूपच केलं.

2004 मध्ये उटा पासो यांनी प्रश्न उलटा केला. चिकट सेंद्रिय गोळेच जाता जाता खनिजं गोळा करत असतील तर? हा नुसता शब्दांचा खेळ नाही. कार्बन जितका खोल जाईल तितका जास्त काळ तो हवेपासून दूर राहतो. भार खनिजांचाच असेल, तर आम्लता वाढून कवचं कमी झाल्यावर कार्बन वरच्या थरांतच कुजेल आणि लवकर हवेत परतेल. चिकटपणा महत्त्वाचा असेल, तर फटका कदाचित कमी बसेल.

माझा कल पासोंकडे आहे. पण सापळ्याच्या बाटलीत दोघेही एकत्रच येऊन पडतात, कोणी कोणाला ओढलं याचा मागमूस न ठेवता.