पडक्या घरांचा दगड

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. मागे उरले दगडमातीचे ढिगारे. दगडानेच घात केला, अशी अनेकांची समजूत झाली. ती कितपत बरोबर होती?

आपण तिथल्या जुन्या घराची भिंत पाहू. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, मधल्या पोकळीत गोटे आणि माती. दोन्ही पदरांना जोडणारा आडवा दगड बहुधा नसेच. वर मातीचे जड माळवद. हादऱ्याने पदर सुटले, फुगले आणि ढासळले. मात्र माळवद लाकडी खांबांच्या खणांवर पेललेले असेल, तर भिंती पडूनही छत टिकल्याची उदाहरणे आढळली. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता.

त्याच वर्षीच्या भारतीय मानक १३८२८ मध्ये यावर साधा उपाय सांगितला आहे. दगडी भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दर ६० सेंटिमीटर उंचीवर, १२० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतराने, भिंतीच्या आरपार जाणारे बंधदगड हवेत. लांब दगड मिळाला नाही, तर आकडा वळवलेली लोखंडी सळईही चालते.

१९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन सुरू झाले. ५२ गावे नव्या जागी वसली, तीही मुख्यतः सिमेंटची. इतर गावांत घरांची जागेवरच दुरुस्ती व मजबुती झाली. उभ्या भिंतीला भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरण्याची रीत तेथे दाखवण्यात आली. तरीही दगडावरचा विश्वास सहजासहजी परतला नाही.

आज आपण चक्रीय अर्थव्यवस्थेविषयी बोलतो. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ढिगाऱ्यातला दगड मात्र आधीच खणलेला, वाहिलेला, घडवलेला असतो. पण बंधदगडाचे ज्ञान सोबत नसेल, तर तोच दगड पुन्हा धोक्याचा ठरतो.

वर्गात हे करून पाहता येईल. ट्रेमध्ये खड्यांच्या दोन भिंती रचा. एकीत आरपार काड्या घाला, दुसरीत नको. ट्रे हलवा. कोणती आधी फुटते आणि कोणत्या बाजूला, याची नोंद विद्यार्थ्यांनाच करू द्या. मग गावातल्या एखाद्या जुन्या भिंतीत बंधदगड शोधायला त्यांना न्या.