९४४ मिलिमीटरच्या बाहेर

२६ जुलै २००५ म्हटले की ९४४ हाच आकडा आठवतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत तेवढे मिलिमीटर पाऊस पडला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला मात्र जेमतेम ७३ मिलिमीटर नोंदला गेला, आणि मंत्रालय, बहुतेक जुन्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, बड्या कंपन्यांची मुख्यालये हे सारे कुलाब्याच्या बाजूला. कुर्ला-कलिन्यात तळमजला पाण्याखाली जात होता तेव्हा नरिमन पॉइंटच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला तो नेहमीचाच पावसाळी दिवस वाटला असेल, तर नवल नाही. आपत्तीकडे लक्ष कमी-जास्त जाते त्यामागे दरवेळी कोणाचा कावा असतो असे नाही. बघणारा कुठे बसला आहे यावरही बरेच ठरते. पण पुढची वीस वर्षे पैसा, समित्या आणि यंत्रणा त्याच खिडकीतून दिसेल तेवढ्यापुरत्या उभ्या राहिल्या, तर तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

त्याच सुमारास रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दोनशेच्या आसपास माणसे गाडली गेली. सावित्री नदीच्या पुराने महाड शहर बुडाले, रस्ते तुटले, फोन बंद पडले. उल्हास नदीने बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत पाणी घातले. राज्यभरातल्या बळींची संख्या हजारावर गेली, त्यांत मुंबईत पुराने आणि दरडींनी गेलेले चारशेहून थोडे अधिक. तरीही या दिवसाला लोकांनी नाव दिले ते ‘मुंबईचा प्रलय’. खुद्द मुंबईतही सगळे सारखे दिसले नाही. बंद पडलेला विमानतळ आणि रात्रभर गाड्यांत अडकलेले नोकरदार टीव्हीच्या पडद्यावर वारंवार दिसले. साकीनाक्याच्या टेकडीखाली सत्तरहून अधिक माणसे दरडीने मेली, ती बातमी मात्र दोन-चार दिवसांत मागे पडली.

लक्ष गेले तिथे काय झाले ते पाहू. महिनाभराच्या आत मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तोवर जिला बहुतेक मुंबईकर नाला समजत होते, ती विहार-पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंतची सुमारे अठरा किलोमीटरची नदी असल्याचे एकदम सर्वांना कळले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, तिचा विषय मुंबईचा पूर. १९९३ सालापासून कपाटात पडलेला ‘ब्रिमस्टोवॅड’ हा पर्जन्यजलवाहिन्यांचा आराखडा बाहेर निघाला, ताशी २५ मिलिमीटर वाहून नेणाऱ्या व्यवस्थेची क्षमता ५० करायचे ठरले आणि केंद्राने १२०० कोटी मंजूर केले. पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथे उदंचन केंद्रे उभी राहिली. महाडला मदतीचे धनादेश मिळाले, काही पुनर्वसन झाले, भूवैज्ञानिकांची पाहणी झाली. ते काम फुकट गेले असे म्हणायचे नाही, पण त्यातून सावित्रीच्या खोऱ्यासाठी मिठीसारखे प्राधिकरण काही निघाले नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मुंबईत सव्वा कोटी माणसे राहतात, देशाचा पैसा इथे फिरतो, मग लक्षही इथेच जाणार. लोकसंख्येच्या हिशेबाने खर्च व्हावा हे मान्य. पण धोक्याचा हिशेब वेगळा असतो. मुंबईत ज्यांचे घर बुडाले त्यांतले बहुतेक जिवंत राहिले, डोंगराच्या कुशीतले गाव मात्र मिनिटाभरात संपते. शिवाय तिथे लागतो तो खर्च पंपांच्या तुलनेत किरकोळ: पर्जन्यमापक, रात्री गाव हलवण्याची तयारी, धोक्यातल्या वाड्यांसाठी जागा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढे लक्ष मिळूनही मुंबई २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा तुंबलीच, आणि मिठीकाठी झोपड्या हटवण्याचा जो जोर दिसला तो काठावरच्या मोठ्या बांधकामांबाबत दिसला नाही. मग लक्ष मिळून फायदा काय? फायदा असा की जाब विचारायला जागा तयार होते. दर मे महिन्यात मुंबईत नालेसफाई किती टक्के झाली यावर भांडण होते. आकडे फुगवलेले असतील, गाळाच्या हिशेबात गफलत असेल, पण प्रश्न विचारला जातो आणि उत्तर द्यावे लागते. डोंगरउतारांच्या तयारीबद्दल असे वार्षिक भांडण मुंबईच्या पडद्यावर कोणी ऐकलेले नाही.

माळीणचे उदाहरण इथे बोलके आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातले ते गाव दरडीखाली गेले, आणि बाहेर बातमी पोचली ती त्या वाटेने आलेल्या एसटीच्या चालकामुळे. रस्त्यावरून त्याला गावच दिसेना. दीडशेच्या वर माणसे मेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातच तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक बळी गेले. त्यानंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच रायगडातली इर्शाळवाडी गाडली गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. वाडी डोंगरावर इतकी वर होती की यंत्रे चढवता आली नाहीत, मदतपथकांना माती हाताने उपसावी लागली आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले.