बायबलचा अर्थ कोणी लावायचा? रमाबाई आणि वाँटेजचा वाद

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर गदारोळ झाला तो धर्मांतराचा. पण त्याहून खोल वाद पुढच्या दोन-तीन वर्षांत पत्रांतून झडला, आणि तो हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा नव्हता.

वाँटेजचा मठ अँग्लिकन पंथाच्या ‘हाय चर्च’ धारेतला. या धारेच्या दृष्टीने बायबल हे चर्चच्या कुशीतले पुस्तक होते. प्राचीन धर्मपित्यांची परंपरा, श्रद्धासूत्रे आणि बिशपांचा अधिकार यांच्या आधारानेच ते वाचायचे. रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन याच शिस्तीत घडल्या होत्या.

ही भूमिका निव्वळ हटवादी नव्हे. नव्या करारातील २७ पुस्तकांची आजची यादी प्रथम आढळते ती अथनेशियस या बिशपाच्या इ.स. ३६७ च्या पत्रात. कोणते ग्रंथ पवित्र हे जर चर्चनेच ठरवले, तर अर्थ लावताना चर्चला दाराबाहेर कसे ठेवायचे?

रमाबाईंचा आक्षेप नेमका त्याच अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या श्रद्धासूत्रावर होता. (ते त्याने लिहिलेले नाही, हे आज सर्वमान्य आहे.) त्रैक्याचा सिद्धांत त्यांना बायबलच्या शब्दांत दाखवून हवा होता, ‘त्रैक्य’ हा शब्द तर मूळ संहितेत कुठेच नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरायची, तर संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले.

या प्रश्नांना जेराल्डिन अहंकार म्हणत. तो समज अपुरा वाटतो. रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. स्त्रियांना वेदाचा अधिकार नाही, हे वचन त्यांनी शास्त्रार्थातून ऐकले आणि आयुष्यात सोसले होते. १८८५ च्या एका पत्रात त्यांनी स्पष्टच कळवले की, भारतीय पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नाही. ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये मध्यस्थ बसला की काय होते, याचा अनुभव जेराल्डिनना नव्हता, रमाबाईंना होता.

पुढे त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व रमाबाईंनी स्वीकारले. मात्र ते बिशपांच्या आज्ञेने नव्हे. १८९० च्या दशकात त्या इव्हँजेलिकल विचाराकडे वळल्या. तिथे कसोटी परंपरेची नव्हती, बायबलवाचन आणि अंतरीच्या परिवर्तनाची होती. वाँटेजच्या नजरेतून पाहिले तर रमाबाई योग्य मुक्कामी पोहोचल्या, पण चुकीच्या वाटेने!

मग मराठी बायबलचा प्रश्न आला. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे, आणि त्यातल्या काही शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येई. म्हणजे वाचक पुस्तक उघडण्याआधीच कोणीतरी त्याचा अर्थ लावून ठेवलेला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी नवे भाषांतर हाती घेतले. केडगावच्या मुक्ती मिशनमधील नुकत्याच अक्षर-ओळख झालेल्या बाईलाही ते कळावे, असा त्यांचा कटाक्ष होता. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिनेच आपले संस्कृत बाजूला ठेवले.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतराचे काम पुरे झाले होते. १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. तो मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातांनी छापला गेला.