पापड, बिबडे, मसाला ऑनलाइन विकायचाय? आधी फुकटातली कामं करा, मग ५०० रुपये खर्च करा

फेब्रुवारी-मार्चचं ऊन तापायला लागलं की खान्देशात गच्चीवर, अंगणात वाळवणं पडतात. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया, नागलीचे पापड. बचत गटाच्या ताई दिवसभर राबून माल तयार करतात. पण तो जातो कुठे? गल्लीत, नात्यात आणि उरला तर व्यापारी म्हणेल त्या भावात. म्हणून आता बरेच जण 'ऑनलाइन टाकू' म्हणतात. त्यात काही जणांचा माल जातो, तर काही जणांचे जाहिरातीचे पैसे जातात आणि ऑर्डर एकही येत नाही. कमी पैशात हे काम कोणत्या क्रमाने करायचं आणि फसवणूक कुठे होते, ते या लेखात पाहू.

गिऱ्हाईक कोण, ते आधी ठरवा

बिबडा म्हणजे काय, हे मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. सुरतेत राहणाऱ्या खान्देशी माणसाला सांगावं लागत नाही. सुरत, पुणे, नाशिक, मुंबई इथे जळगाव-धुळ्याची हजारो कुटुंबं कामधंद्यासाठी राहतात. कळण्याचं पीठ, बिबडे, शेवभाजीचा मसाला त्यांना तिकडे सहज मिळत नाही. तुमचं पहिलं गिऱ्हाईक हेच. त्यांच्यापर्यंत पोचायला मोठी जाहिरात लागत नाही. गावातल्या प्रत्येक घराचा कोणी ना कोणी बाहेरगावी आहेच. त्यांचे नंबर गोळा करा, पण मेसेज टाकण्याआधी 'पाठवू का?' एवढं विचारा.

बिनपैशाची तीन कामं

पहिलं काम, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. हे अ‍ॅप फुकट आहे. धंद्यासाठी वेगळं सिम घेतलं तर घरचे आणि गिऱ्हाइकाचे मेसेज मिसळत नाहीत. त्यातल्या 'कॅटलॉग'मध्ये प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन आणि भाव टाका. भाव लपवू नका. 'भावासाठी मेसेज करा' असं लिहिलं की अर्धी माणसं पुढे निघून जातात. एकाच वेळी अनेकांना कळवायचं असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात. पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यालाच तो मेसेज जातो. म्हणून पाकिटावर नंबर छापा आणि 'नंबर सेव्ह करा' असंही लिहा. अनोळखी लोकांना धडाधड मेसेज टाकले तर नंबर बंद होऊ शकतो.

दुसरं काम, गुगल मॅपवर नोंद. दुकान, गिरणी, रसवंती, भरिताचं हॉटेल, गॅरेज असं जागेवरचं काम असेल तर ही नोंद व्हॉट्सअ‍ॅपपेक्षाही महत्त्वाची. नाव, फोन, वेळ आणि चार चांगले फोटो टाका. पडताळणीसाठी गुगल बहुतेक वेळा दुकानाचा व्हिडिओ मागतं. मग ओळखीच्या गिऱ्हाइकांना खरा अभिप्राय लिहायला सांगा. ही नोंद पूर्ण फुकट आहे. 'गुगलवर एक नंबरला आणतो, इतके भरा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

तिसरं काम, व्हिडिओ. मोबाईल उभा धरा, सकाळच्या उजेडात काढा, अर्धा मिनिट पुरे. पीठ मळताना, पापड लाटताना, गच्चीवर वाळवण घालताना दाखवा. भाषा आपली ठेवा. अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली आहेत, म्हणजे आपल्या बोलीला ऐकणारे आहेत. 'आमना घरना पापड' एवढं बोललं तरी सुरतेतला माणूस थांबतो. दुसऱ्याचा फोटो उचलून टाकू नका. माल वेगळा निघाला की गिऱ्हाईक परत येत नाही.

पैसे टाकायचे तर हिशोब आधी

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात थोड्या पैशात देता येते. पण जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ५०० ची जाहिरात ५९० ला पडते. आता उदाहरण म्हणून समजा, एक किलो पापडाचा सगळा खर्च २३० रुपये आणि विक्री ३२० रुपये. किलोमागे ९० सुटले. ५९० वसूल व्हायला किमान ७ किलो पापड त्या जाहिरातीमुळे विकले गेले पाहिजेत. तेवढे गेले तर पुढची जाहिरात, नाही गेले तर थांबा.

जाहिरात देताना 'सगळा महाराष्ट्र' निवडू नका. एकच शहर निवडा आणि बटण दाबल्यावर थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल अशी जाहिरात ठेवा. 'लाईक' किती आले हे मोजू नका. विचारणा किती आणि ऑर्डर किती, हे वहीत लिहा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, 'आमचा नंबर कुठून मिळाला?' सगळ्यात उपयोगाचं उत्तर तिथेच मिळतं.

माल पोचवायचा कसा

भाडं धरूनच भाव सांगा, नाहीतर नफा भाड्यात जातो. एक-दोन किलोसाठी पोस्टाचं स्पीड पोस्ट किंवा कुरिअर चालतं. जास्त माल असेल तर एसटीचं पार्सल किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवता येतो, मात्र तो स्टँडवर घ्यायला समोरचा माणूस लागतो. पापड-बिबडे मोडतात. म्हणून जाड खोका घ्या, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. आधी एक खोका ओळखीच्या माणसाला पाठवून बघा, किती तुटतात ते कळेल.

कागदपत्रं: कोणती लागतात

खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या उलाढालीच्या व्यवसायांसाठी नोंदणीची फी थोडीच असते. त्यातून १४ आकडी नंबर मिळतो. तो पाकिटावर छापायचा. शिवाय पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह हवं.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. सारख्या दिसणाऱ्या खासगी वेबसाइट त्याचे पैसे घेतात, तिथे जाऊ नका.

जीएसटीचं थोडं समजून घ्या. पापडावर जीएसटी नाही. पण मिरची पावडर, मसाला, शेव, चिवडा यांवर आहे. राज्यातल्या राज्यात मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण जीएसटी लागणारा माल गुजरातेत पाठवायचा झाला की नोंदणी आली. सुरतेच्या ऑर्डरी वाढायला लागल्या की करसल्लागाराला एकदा विचारून घ्या.

आणखी एक. जळगावची केळी आणि जळगावचं भरिताचं वांगं यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. पण म्हणून कोणीही पाकिटावर जीआयचं चिन्ह छापू शकत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं.

फसवणूक इथे होते

विक्री सुरू झाली की पहिली मोठी ऑर्डर कधी कधी चोराचीच असते. 'मी मिलिटरीत आहे, कॅम्पसाठी ५० किलो पापड हवेत, भाव विचारत नाही.' मग तो एक क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.' भाऊ, ताई, हे पाठ करून ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

दुसरा प्रकार, पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट पाहून माल सोडू नका, स्वतःच्या खात्यात रक्कम आली का ते बघा. तिसरा, 'चुकून ५,००० जास्त गेले, परत करा' असा फोन. मेसेज खोटा असू शकतो, आधी बँकेची शिल्लक तपासा. मोठ्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ घ्या. खरं गिऱ्हाईक त्याला नाही म्हणत नाही.

फसवणूक झालीच तर लाजू नका आणि वेळ घालवू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवरही तक्रार करता येते.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा

एका वस्तूपासून सुरुवात करा, दहा नको. पहिल्या दिवशी खर्च मांडून भाव ठरवा. दुसऱ्या दिवशी फोटो काढा. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि कॅटलॉग तयार करा. चौथ्या दिवशी बाहेरगावच्या २० ओळखीच्या लोकांना एकेकाला स्वतः मेसेज करा. पाचव्या दिवशी एक व्हिडिओ टाका. सहाव्या दिवशी पहिला खोका पाठवा. सातव्या दिवशी वही उघडून बघा, किती गेलं आणि किती सुटलं. जाहिरातीचे ५०० रुपये त्यानंतर काढा. या २० जणांपैकी चौघांनी पुन्हा मागवलं, तर माल चांगला आहे आणि जाहिरातीला अर्थ आहे. कोणीच मागवलं नाही, तर आधी माल, पॅकिंग किंवा भाव यात काय चुकलं ते त्यांनाच विचारा.